ठसा खरा, डबा खोटा: चांदीच्या टी कॅडीतली फसवणूक

लंडनमध्ये एका ग्राहकाच्या गळ्यात मारलेली ही चहाची पेटी. महोगनीची, कुलपाची, आत चांदीचे दोन चहाचे डबे आणि मधे साखरेचा. विक्रेत्याने काळ सांगितला १७६० च्या आसपासचा. तळावर सरकारमान्य तपासणीचे ठसे: चालता सिंह (चांदीच्या शुद्धतेची खूण), मुकुटवाल्या बिबळ्याचं मुंडकं (लंडनची खूण), वर्षाचं झिजकं अक्षर, कारागिराची आद्याक्षरं. ठसे अस्सल होते, म्हणूनच माणूस फसला.

खोट ठशांच्या ओळीतच होती. शेवटी राजाचं मुंडकं होतं, म्हणजे चांदीवरचा कर भरल्याची खूण. ती डिसेंबर १७८४ पासून १८९० पर्यंतच मारली जाई. १७६० च्या डब्यावर ती येणार कुठून? मग तळावर तोंडाची वाफ सोडली. वाफ विरताना ठशांभोवती अरुंद चौकट उमटली: डाखाची रेघ. जुन्या चमच्याच्या दांड्याचा ठसेवाला तुकडा कापून नव्या डब्याच्या तळात बसवलेला. चमचा स्वस्त, डबा महाग, सगळा धंदा एवढ्यावरच. झाकणंही कोरी होती. सुट्या झाकणावर निदान सिंह आणि कारागिराचा ठसा हवा.

तळावर जुनं वजन खरडलेलं असेल तर काट्यावर पडताळाच. १० ट्रॉय औंस ५ पेनीवेट म्हणजे सुमारे ३१९ ग्रॅम. घासूनपुसून थोडं घटतंच. बरंच कमी भरलं तर काहीतरी काढलंय, जास्त भरलं तर जोडलंय. घराण्याचं कोरीव चिन्ह घासून उडवलं असेल तर तिथला पत्रा अंगठ्याने दाबताच लवतो.

पेटी मात्र खरंच जुनी निघाली, आणि जुनी पेटी पाहून बरेच जण निर्धास्त होतात. मूळचे डबे खणात नेमके बसतात. इथे खण मोठे पडले म्हणून कडेने नवी मखमल ठासली होती. बिजागरीचा एखादा स्क्रूही काढून पाहावा. अठराव्या शतकातल्या स्क्रूला अणकुचीदार टोक नसतं. टोक दिसलं तर बिजागरी नंतरची. तेवढ्यावरून पेटी खोटी ठरत नाही.

ब्रिटनमध्ये ठसा असलेल्या वस्तूत परवानगीविना असा फेरफार करणं हा १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्याने गुन्हा आहे. संशयास्पद चांदी लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीची, म्हणजे सोनारांच्या जुन्या संघटनेची, अँटीक प्लेट कमिटी तपासते. बिलावर ‘जॉर्जियन शैली’ (जॉर्ज राजांच्या काळातल्यासारखी घडण) एवढंच असेल तर पैसे देऊ नका, त्या शब्दांत काळाची हमी नसते. वर्ष, चांदीचा दर्जा आणि ‘डबे, झाकणं, पेटी मूळची एकत्र’ हे विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्या.