टानाकाठचा सामी होमस्टे: सॅमनसाठी जाऊ नका, पण जा नक्की

सामी म्हणजे युरोपच्या उत्तर टोकाचे मूळ रहिवासी. जुलै 2024 मध्ये आम्ही दोघं त्यांच्यातल्या एका बाईंकडे तीन रात्री राहिलो, फिनलंडच्या पार उत्तरेला उत्सयोकीत, दारासमोर टाना नदी आणि पलीकडच्या काठावर नॉर्वे. 5 पैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो बुकिंग साइटमुळे, तिथे अजून हातभर सॅमन धरलेल्या माणसाचा फोटो आहे, आणि टानात सॅमन धरायला 2021 पासून बंदी आहे, मासाच कमी झालाय. मालकीणबाईंनी फोटो काढून टाका म्हणून दोनदा कळवलंय, कोणी दाद देत नाही.

खोली स्वच्छ, रात्री बारालाही लख्ख ऊन असतं पण पडदे जाड आहेत. जेवायला तळ्यातला सीका मासा बटरमध्ये परतलेला, उकडलेले बटाटे, वर शेपू. अप्रतिम.

पण खरं बघायचं ते मागच्या शेडमध्ये. बाई स्वतः सामी, त्यांनी आजोबांचं जाळं दाखवलं, खाली वजनाला भूर्जाच्या सालीत गुंडाळून बांधलेले दगड, एकेक गाठ हाताची. मी अलिबागकडची, आमच्याकडे 1 जूनला होड्या किनाऱ्याला लागतात आणि ऑगस्टमध्ये परत निघतात, यांची उपडी ठेवलेली होडी मात्र तीन वर्षं तशीच, खाली गवत वाढलंय. मला तिथे उभं राहवेना.

बाई म्हणाल्या, नदीला विश्रांती हवी हे आम्हालाही कळतं, पण ठरवताना आम्हाला विचारा ना. 2017 मध्ये नॉर्वे-फिनलंडचा टानातल्या मासेमारीचा नवा करार लागू झाला त्यात सामींच्या जाळ्यांना मोठी कात्री लागली, दोन्हीकडच्या सामी संसदांचा (सामींनी निवडून दिलेल्या मंडळांचा) विरोध असूनही. मग काही सामींनी मुद्दाम आपल्याच उपनद्यांत नियम मोडून मासे धरले, केस झाली, आणि एप्रिल 2022 मध्ये फिनलंडच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, कारण आपली संस्कृती जपायचा हक्क सामींना राज्यघटनेनेच दिलाय. एवढं जिंकूनही सॅमनची बंदी आहेच. त्यांच्या मुलाला लहान सॅमन म्हणजे दिद्दी, मादी म्हणजे दुओव्वी असे सगळे शब्द पाठ आहेत, जाळं मात्र त्याने अजून पाण्यात टाकलेलं नाही.

इव्हालो विमानतळावरून गाडी भाड्याने घ्या, दोन तासांहून थोडं जास्त लागतं. शेड बघायची तर आधी विचारा, आणि जाळ्याचे फोटो काढू नका, बाईंना आवडत नाही.