बाळाची नजर मोजायची तर व्हीईपी करू की पट्ट्यांची कार्डं?

आमची लेक 31 आठवड्यांची जन्मली. रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, तपासून झाला होता, स्वच्छ होता, तरी अकरा महिन्यांची झाली तरी माझ्या तोंडाकडे बघायची नाही, आणि देव्हाऱ्यात निरांजन लावलं की मात्र मान बरोबर तिकडे वळायची. तिला दिसतंय का, किती दिसतंय, हे विचारायचं कुणाला, ती तर बोलतच नाही. दोन टेस्ट समोर आल्या आणि आम्ही दोन्ही केल्या, म्हणून दोन्हींबद्दल सांगते.

व्हीईपीत (व्हिज्युअल इव्होक्ड पोटेन्शियल) डोक्याच्या मागे, जिथे मेंदूतलं नजरेचं केंद्र असतं तिथे, इलेक्ट्रोड चिकटवतात आणि स्क्रीनवरचं चित्र बघताना तिथे उठणारी वीज मोजतात. पण एक व्हीईपी म्हणजे दुसरा व्हीईपी नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. आधी एका ठिकाणी केला, रिपोर्टवर नॉर्मल लिहिलेलं, आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. नंतर समजलं की त्यात फक्त पी100 नावाची लाट बघितली होती, म्हणजे सिग्नल मेंदूत पोचायला साधारण 100 मिलिसेकंद लागतात तेवढेच लागले का, रस्ता मोकळा आहे का. बाळ किती बारीक बघू शकतं याचं उत्तर त्यात नव्हतंच, आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

नजर मोजायची तर स्वीप व्हीईपी लागतो. त्यात काळ्यापांढऱ्या पट्ट्या सेकंदाला कित्येकदा उलटसुलट होतात आणि दहाएक सेकंदांत जाड्याच्या बारीक होत जातात, पट्टी बारीक झाली की मेंदूचा सिग्नल लहान होतो, तो शून्याला कुठे टेकेल तिथे नजरेची हद्द धरतात. बाळाने फक्त स्क्रीनकडे बघायचं, बाकी काही करायचं नाही, हात हलत नसला मान धरत नसली तरी चालतं. ही याची खरी ताकद.

पट्ट्यांची कार्डं, म्हणजे टेलर कार्डं, एकदम साधी. राखाडी लांब कार्ड, एका बाजूला पट्ट्या, दुसरी बाजू कोरी, मधे बारीकसं भोक आणि त्यातून तपासणारी ताई बघते की बाळ कुठे वळलं. बाळाला कोऱ्यापेक्षा नक्षी बघायला आवडते, एवढ्यावरच सगळं चालतं. वायर नाही, जेल नाही, थोड्या वेळात होतं, दर तीन महिन्यांनी परत करता येतं. डोळे आडवे थरथरत असतील तर कार्ड उभं धरतात, तेही सांगून ठेवा.

आता आकडे. दोन्हीत नजर मोजतात ती डोळ्यासमोरच्या एका अंशाच्या कोनात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या किती जोड्या दिसतात यावर, 30 म्हणजे 6/6, मोठ्या माणसाची नॉर्मल नजर. पण दोन्हींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून घाबरू नका. 1985 मध्ये नॉर्सिया आणि टायलर या संशोधकांनी स्वीपवर मोजलं तेव्हा आठ महिन्यांच्या पुढची बाळं 20 च्या आसपास गेली होती, कार्डांवर त्याच वयात 6 च्या आसपास आलं तरी ठीक असतं. कारण स्वीप विचारतो मेंदूपर्यंत किती पोचलं, आणि कार्ड विचारतं पोचलेल्याचं बाळ काय करतं, मान वळवते का, लक्ष देते का. आमच्या लेकीचं स्वीपवर 9 आलं आणि कार्डांवर 2.4. दोन्ही कमीच, पण डॉक्टरांना कामाला आली ती त्यातली दरी: मेंदूत बरंच पोचतंय पण ते वापरायला ती शिकलेली नाही. त्यावरून घरचा सराव ठरला, अंधाऱ्या खोलीत लाल चेंडू, काळा कपडा, एका वेळी एकच वस्तू. वय मात्र करेक्टेड, म्हणजे बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलेलं, धरायला सांगा, अकरा महिने म्हणजे आमच्या हिशेबाने नऊच होते.

मग तुम्ही काय करायचं? माझं मत विचाराल तर आधी कार्डं, आणि बाळ मान वळवत नसेल, सेरेब्रल पाल्सी असेल, किंवा कार्डांवर काहीच ठरत नसेल तर स्वीप. मूल तीन-चार वर्षांचं आहे, चित्र बघून जोड्या लावतंय, तिरळेपणा आहे, तर या दोन्हींच्या मागे लागू नका, एक डोळा झाकून चित्रांचा चार्टच करा, कारण आळशी डोळा पट्ट्यांवर आहे त्यापेक्षा चांगला दिसतो आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची वेळ हातची जाते.

नाशिकहून आम्हाला स्वीपसाठी मुंबईला जावं लागलं. फोनवर "व्हीईपी होतो का" असं विचारू नका, "नजरेचा आकडा देणारा स्वीप होतो का" असं विचारा. पहाटे नाशिकच्या द्वारका चौकातून निघालो, लेक कसारा घाटात झोपली ती थेट दारात उठली, चिडचिडी. झोपेत ही टेस्ट होत नाही आणि झोपेचं औषध देऊनही उपयोग नाही, म्हणून दुपारची वेळ घ्या. आईंनी प्रेमाने सकाळी टाळूवर खोबरेल चोळलेलं, इलेक्ट्रोड टिकेनात, टेक्निशियनदादांनी तीनदा कापसाने पुसून परत पेस्ट लावली, तोवर लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं. म्हणून आदल्या रात्री शॅम्पू, तेल अजिबात नको. चष्मा असेल तर घालूनच. फिट येत असतील तर आधी सांगा, लुकलुकत्या स्क्रीनने काहींना त्रास होतो, आणि औषध मनाने बंद करू नका.

परवा कार्डांवर ती 4.8 ला वळली.