दादरच्या फिल्म सोसायटीतले चार जपानी रविवार

दादरच्या एका फिल्म सोसायटीने जपानी साहित्यावर बेतलेल्या सिनेमांची मालिका लावली आहे. चार रविवार, सकाळी दहा ते दीड, एकूण ८०० रुपये. मूळ कथेचं मराठी टिपण दारातच हातात देतात. ते वाचूनच आत बसा, नाहीतर निम्मे पैसे वाया.

'राशोमोन' (१९५०) म्हणजे एकाच खुनाच्या परस्परविरोधी साक्षी. त्या दिवशी वक्ते 'सत्य सापेक्ष असतं' याच घाण्याला फिरत राहिले. अकुतागावाच्या कथेतला दरोडेखोर तेविसाव्या वाराला सामुराईला पाडल्याची फुशारकी मारतो. सिनेमात दिग्दर्शक कुरोसावा लाकूडतोड्याकडून तीच झुंज पुन्हा सांगवतो. त्यात दोघांचे हात थरथरतात, पाय घसरतात. ही आवृत्ती मूळ कथेत नाहीच. सिनेमाच्या शेवटी सापडणारं तान्हं बाळही नाही. युद्ध हरलेल्या आणि अमेरिकी अंमलाखालच्या देशाने शौर्याकडे कसं पाहिलं, ते इथे उघड दिसतं; चर्चेत त्याचा उल्लेखही झाला नाही. (बाळ पाहून डोळे पुसणाऱ्यांनी अकुतागावा वाचावाच.)

'ओहारू'चं (१९५२) सत्र बरं होतं. लेखक साइकाकूच्या १६८६ मधल्या पुस्तकातली बाई स्वतःचे रंगढंग चवीने सांगते, दिग्दर्शक मिझोगुचीच्या सिनेमातली बाई प्रत्येक घरातून हाकलली जाते. जपानमध्ये बायकांना मताधिकार मिळून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती.

खरी वसुली 'सान्शो'ला (१९५४). ओगाईच्या १९१५ च्या कथेत गुलामी बंद होते, गुलामांचा मालक सान्शो मजुरी देऊ लागतो आणि त्याचा धंदा उलट वाढतो! सिनेमात त्याचा वाडाच पेटतो. त्याच्याकडे गुलाम असलेल्या भावंडांपैकी कथेतली थोरली बहीण अंजू पडद्यावर धाकटी होते आणि बंडाचा भार आता थोरल्या झालेल्या भावावर, झुशिओवर येतो. दोन्ही बदल टिपणात शेजारी-शेजारी मांडलेत, झकास काम.

पण प्रोजेक्शनने घात केला. हे तिन्ही सिनेमे जवळपास ४:३ (रुंदी:उंची) चौकटीतले, प्रोजेक्टर १६:९ वर ताणलेला. अंजू तळ्यात उतरते तेव्हा पाण्यावरची वर्तुळं चक्क लंबगोल! मेनूत 'ॲस्पेक्ट' ४:३ करायला अर्धं मिनिट लागतं. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच सांगा.

'एन्जो'त (१९५८) मिशिमाच्या कादंबरीतलं मंदिराचं नाव का बदललं, हे मात्र नीट सांगितलं: क्योटोतल्या खऱ्या किन्काकुजी मंदिराचा आक्षेप होता, म्हणून पडद्यावर 'शुकाकुजी'.

खुर्च्या सपाट जमिनीवर आहेत, पुढच्याच्या डोक्याआड सबटायटलची खालची ओळ जाते. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची धरा.