दोन माणसांचा हलका तंबू: गोव्यात १४ महिने वापरल्यावर

शिवणीवरची पट्टी सोलून हातात आली. ओढलीसुद्धा नव्हती, तंबू वाळत घालताना बोट लागलं तेवढंच. बाहेरच्या कापडाची आतली बाजू चिकट झाली होती आणि तिला ओकारीसारखा आंबूस वास येत होता. ११,५०० रुपयांचा तंबू, वापर मोजून ९ रात्रींचा. म्हणजे एका रात्रीला पावणेतेराशे रुपये पडले.

घेताना मी ३००० मिमी हा जलरोधकतेचा आकडा आणि दोन किलोच्या आतलं वजन बघून पैसे मोजले. आकडा खोटा नव्हता. पहिल्या जुलैत सत्तरी तालुक्यात मित्राच्या काजूच्या बागेत राहिलो (अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, म्हणून खासगी जागा). रात्रभर पाऊस कोसळत होता, तरी सकाळी स्लीपिंग बॅगा ओल्या. तंबू गळतो असं मी तेव्हा दहा जणांना सांगितलं. ते आता मागे घेतो. ती आमच्याच श्वासाची वाफ होती, कापडाला लागून थेंब झालेली. झोडपेल या भीतीने आम्ही हवेच्या झडपा बंद केल्या होत्या. पुढच्या खेपेला भर पावसातही त्या उघड्या ठेवल्या, तर फक्त कडा ओलसर झाल्या.

वाऱ्यात मात्र तो छान टिकला. सड्यावर (कातळाच्या पठारावर) जांभ्यात पेग, म्हणजे तंबूच्या खुंट्या, जात नाहीत. दोरीच्या टोकाला काठी बांधून काठीवर चिरे ठेवले. दोरी थेट चिऱ्याला गुंडाळू नका, खरखरीत जांभा तिला रात्रीत कापतो. निमुळती बाजू नैऋत्येकडे ठेवली. अल्युमिनियमच्या दांड्या वाकायच्या आणि परत सरळ व्हायच्या. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, म्हणून रात्री एकदा उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिस्टरला हा त्रास नाही. आणि यात आतला कप्पा आधी उभारावा लागतो. आपल्या पावसात बाहेरचं कापड चढेपर्यंत तळ भिजलेला असतो. दोन्ही एकत्र उभे राहतात असाच तंबू घ्या.

पण माझं दुखणं त्या पट्टीचंच आहे. सर्व्हिसवाल्यांशी तीन आठवडे फोन आणि फोटो चालले. शेवटी उत्तर आलं, 'साठवणूक चुकली, वॉरंटी लागू नाही.' मी खूप भांडलो. मग शांतपणे वाचल्यावर कळलं की त्यांचं निम्मं खरं आहे. या कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो, आणि दमटपणा व उष्णता मिळून तो थर तोडतात. मी दर वेळी तंबू दोन दिवस बाल्कनीत टांगायचो, मग घट्ट गुंडाळून माळ्यावर टाकायचो. ज्या घरात आषाढात कपाटातल्या चपलेवर बुरशी धरते, तिथे दोन दिवसांत काय वाळणार? पण मग हे पिशवीवर ठळक छापायला नको का? किनारपट्टीवर माल विकता, तर एवढं सांगणं तुमचं काम आहे. यावर मी अजूनही चिडलेलो आहे.

नवीन घ्यायला पैसे नाहीत. मऊ पडलेला थर आणि पट्ट्या स्पिरिटने घासून काढल्या, पॉलियुरेथेनचं सीलंट ब्रशने शिवणींवर लावलं. सिलिकॉनचं आणू नका, ते या थरावर धरत नाही. पुन्हा घेईन तेव्हा दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेलं कापड घेईन. त्याच्या शिवणींवर पट्टी बसत नाही, त्या हाताने सील कराव्या लागतात. तेवढी मेहनत मला चालेल.

सध्या तंबू हॉलमध्ये पंख्याखाली दोरीवर लटकतोय. चवथीला पाहुणे आले की आतल्या खोलीत हलवीन, पण ऑक्टोबरचं ऊन दाखवल्याशिवाय पिशवीत घालणार नाही.