माउसरिटर : दहा चौकटींत मावणारा संसार

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिकाखेळात, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळात, २०१४ च्या नियमांनुसार पात्राला आपल्या बळाच्या गुणांच्या १५ पट पौंड, म्हणजे बळ १० असल्यास १५० पौंड ओझे वाहून नेता येते. पण दादरला दर रविवारी जमणाऱ्या आमच्या मंडळीत सामानाच्या वजनाची बेरीज कोणी प्रामाणिकपणे केल्याचे स्मरत नाही. म्हणूनच या पावसाळ्यात आम्ही माउसरिटर हा उंदरांचा भूमिकाखेळ निवडला. डायब्लोसारख्या व्हिडिओ गेममधील सामानाच्या चौकटींची आठवण करून देणारी अशी यातली सामान ठेवण्याची पद्धत आहे: पंजे, अंग आणि पाठपिशवी मिळून १० चौकटी, आणि प्रत्येक वस्तूचा कागदी तुकडा त्यांतच बसवायचा. खरी गंमत अशी की, भूक आणि थकवा यांसारख्या अवस्थाही जागा अडवतात. आमच्या उपाशी उंदराने दोरी टाकावी की मशाल, यावर चहा निवेपर्यंत वाद रंगला. वजनाच्या बेरजेने असे कधी घडले नव्हते. तुकडे मात्र जाड कागदावरच छापावेत, कारण पंखा लावताच आमची निम्मी शस्त्रे सोफ्याखाली गेली. पात्रांना नवनवीन कौशल्ये मिळत राहावीत अशी ज्यांची अपेक्षा असेल, त्यांना हे नियम तोकडे वाटतील. आम्हाला तूर्त ते पुरेसे आहेत.