ओपारारा खोरं: मोठी कमान, मोरिया गेट की हनीकोम्ब हिल?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, वेस्टपोर्टच्या उत्तरेला सुमारे 100 किमीवर कारामीआ गाव आहे. नदीने चुनखडकात कोरलेल्या नैसर्गिक कमानी आणि गुहा असलेल्या ओपारारा खोऱ्याचा रस्ता तिथून पुढे जातो. शेवटचा टप्पा खडीचा, अरुंद आणि वळणांचा असल्याने कॅम्परव्हॅन किंवा ट्रेलर घेऊन जाऊ नका. टाकी कारामीआतच भरून घ्या आणि वर मोबाईलला रेंज मिळेल असं धरून चालू नका.

ओपारारा कमान सगळ्यात भव्य आहे: लांबी 200 मीटरच्या वर, उंची 40 मीटरच्या आसपास. वाट नदीकाठाने जाते, जाऊन-येऊन पाऊण तास पुरतो. नदीचं पाणी चहासारखं तपकिरी दिसतं, पण ते गढूळ नसतं. जंगलातल्या पाल्यापाचोळ्यातलं टॅनिन त्यात उतरलेलं असतं. लहान मुलं किंवा कुरकुरणारे गुडघे सोबत असतील तर हीच कमान निवडा.

मोरिया गेट आकाराने बरीच लहान, सुमारे 19 मीटर उंच आणि 43 मीटर लांब. तरीही अर्धाच दिवस हाताशी असेल आणि अंग वाकवून उतरायची तयारी असेल, तर आमचं मत मोरिया गेटला. एका छोट्या गुहेतून खाली उतरलं की तुम्ही थेट कमानीच्या पोटात, नदीच्या काठावर उभे राहता. मोठी कमान बहुतेक वेळ मान वर करून पाहावी लागते, इथे मात्र तुम्ही तिच्या आत असता. उतरताना दगड ओले असतात, त्यामुळे दोन्ही हात मोकळे हवेत आणि टॉर्च डोक्यावर बांधलेला हवा. मिरर टार्न तळ्याचा फेरा जोडला तर दीड तास धरा.

क्रेझी पेव्हिंग आणि बॉक्स कॅनियन या दोन छोट्या गुहा त्याच रस्त्याने आणखी पुढे आहेत. पहिलीत वाळलेल्या चिखलाला फरशीसारख्या भेगा पडल्या आहेत. पाऊल आखलेल्या वाटेबाहेर पडलं तर ती नक्षी मोडते, म्हणून जपून चाला. नेल्सन गुहा-कोळी इथेच राहतो. पायांसकट पसारा 15 सेंमीपर्यंत, आणि कायद्याने संरक्षित. छतावर टॉर्च फार वेळ रोखून धरू नका.

हनीकोम्ब हिलचं गणित वेगळं आहे. ही एकमेकींना जोडलेल्या गुहांची साखळी आहे: सुमारे 70 तोंडं, किलोमीटरच्या किलोमीटर बोगदे, आणि प्रवेश फक्त मार्गदर्शकासोबतच. छतातल्या भोकांतून आत पडलेले मोआसारखे नामशेष पक्षी बाहेर पडू शकले नाहीत. चुनखडकातलं पाणी आम्लधर्मी नसल्याने त्यांची हाडं विरघळली नाहीत. हास्टच्या महाकाय गरुडाचे अवशेषही इथे सापडले आहेत. इतिहासाची ओढ असलेल्यांनी पैसे आणि वेळ इथेच खर्चावा. मात्र सहल आधी ठरवा आणि मग उरलेला दिवस तिच्याभोवती बसवा, कारण ऐनवेळी जागा मिळेलच असं नाही.

कुठेही गेलात तरी प्रत्येकाकडे दोन टॉर्च, घट्ट पकडीचे बूट आणि सँडफ्लाय या चावऱ्या बारीक माश्यांना दूर ठेवायला डीट (कीटक पळवणारं रसायन) असलेलं मलम हवं. जोराचा पाऊस होऊन नदी चढली असेल, तर मोरिया गेटच्या आत उतरू नका. त्या दिवशी मोठ्या कमानीची वाट जिथवर सुरक्षित वाटेल तिथवरच जा.