ऑरोरा अलर्ट अ‍ॅप: जुन्या नोंदींना पाच स्टार, अलर्टला दोनच

हे अ‍ॅप मी घेतलं ते त्यातल्या जुन्या नोंदींसाठी, आणि तेवढ्यासाठी आजही कुणालाही सांगेन की घ्याच. ध्रुवापासून लांब, जिथं ऑरोरा (आकाशातला ध्रुवीय प्रकाश) दिसेल असं कुणाच्या मनातही येत नाही, तिथं तो कधी कधी दिसला ते सगळं नकाशावर आहे. सप्टेंबर १८५९ चं मोठं सौर वादळ उघडलं की क्यूबा, पनामा, हवाई, आणि सोबत कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदीचा ग्राफ, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण! शेजारी मार्च १९८९ च्या घसरणीचा ५८९ हा आकडा दिलाय, ज्या सौर वादळात कॅनडातल्या क्यूबेकची वीज गेली होती. पण एक आकडा एकाच ठिकाणचा, दुसरा बऱ्याच ठिकाणांची तासाची सरासरी, म्हणून थेट तुलना करू नका असं तिथंच लिहिलंय, हे मला फार आवडलं.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो ४ फेब्रुवारी १८७२ वर. त्या रात्री सुदानमधल्या खार्टूममधून ऑरोरा दिसला आणि मुंबईतूनही! तारायंत्रंसुद्धा बिघडली होती. सप्टेंबर १७७० मध्ये जपान-चीनवर आकाश लाल झालं होतं, क्योटोहून दिसलेल्या त्या लाल पट्ट्यांचं जुनं चित्र आहे, पंखा उघडल्यासारखं, ते मी कितीदा झूम करून बघितलं असेल.

आता अलर्ट. १० मे २०२४ च्या रात्री अ‍ॅप उघडून बसलो होतो, माझ्या लोकेशनला ठाम ० टक्के, मग झोपलो. दुसऱ्या दिवशी लडाखमधल्या हानलेचे लाल आकाशाचे फोटो सगळीकडे. आकडा चुकला असं मी म्हणत नाही, पण तो डोक्यावर ऑरोरा असण्याचा आहे आणि आपण लांबचे लोक तो क्षितिजावर शोधतो. हिरवा प्रकाश साधारण १०० किमी उंचीवर, ऑक्सिजनचा लाल मात्र २०० किमीच्याही वर, आणि ३०० किमी उंचीवरचं काही मधे डोंगर-ढग नसतील तर जवळपास १९०० किमी लांबून क्षितिजाला टेकलेलं दिसू शकतं. म्हणून तर लांबच्यांना खालचा हिरवा पृथ्वीच्या गोलाईआड जातो, वरचा लाल तेवढा उरतो, आणि जुन्या काळी लोकांना कुठंतरी आग लागल्यासारखं वाटायचं. हे सगळं याच अ‍ॅपच्या नोंदींमध्ये समजावलेलं आहे, मग अलर्टच्या हिशोबात का नाही? तिथं क्षितिजाचा वेगळा आकडा हवाच.

दुसरं म्हणजे लोकेशनला फक्त भौगोलिक अक्षांश दाखवतात. चुंबकीय अक्षांश (चुंबकीय ध्रुवापासूनच्या अंतरावरून ठरणारा) दाखवा ना, ऑरोरासाठी तोच महत्त्वाचा. पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाचं उत्तरेकडचं टोक कॅनडाच्या बाजूला झुकलेलं असल्याने अमेरिकेतल्या माणसाला तेवढ्याच भौगोलिक अक्षांशावरच्या आशियातल्या माणसापेक्षा ऑरोरा दिसायची शक्यता जास्त.

तोवर मी टक्केवारीचं नोटिफिकेशन बंद केलंय आणि फक्त जी५ (सगळ्यात तीव्र श्रेणीच्या) वादळाचा अलर्ट चालू ठेवलाय. तो वाजला की ध्रुवाच्या बाजूचं क्षितिज मोकळं दिसेल अशा काळोख्या जागी जायचं आणि डोळ्यांना काही दिसलं नाही तरी कॅमेऱ्याचं एक्सपोजर १०-१५ सेकंद ठेवून फोटो काढायचा, कारण फिकट लाल रंग डोळ्यांआधी कॅमेऱ्याला दिसतो. दोन्ही सुधारणा डेव्हलपरला लिहून कळवल्यात, क्षितिजाचा आकडा आला की त्याच दिवशी स्टार वाढवेन.